हिरव्या दगडाचें नगर

इ. स. २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यांत 'जेड सिटी' या नांवाची एक इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका श्रीमती फोंडा ली यांचा जन्म १९७९ सालीं कॅनडांतील कॅलगरी शहरीं झाला. लेखनाकडे वळण्यापूर्वीं त्या व्यापारी कंपन्यांत धोरण आंखण्याचें काम करीत असत. शिवाय कराटे आणि कुंग-फू या दोन्ही विद्यांत त्यांनीं काळा पट्टा मिळविलेला आहे. हिशेबाची वही आणि आवळलेली मूठ हीं दोन्ही या कादंबरींत जागोजाग भेटतात, त्याचें कारण हेंच असावें. पुढल्याच वर्षीं अद्भुत साहित्याचें जागतिक पारितोषिक या पुस्तकास दुसऱ्या एका कादंबरीबरोबर विभागून मिळालें, आणि २०१९ व २०२१ सालीं तिचे आणखी दोन खंड निघाले.

ज्या घरांत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या अरबी सुरस गोष्टी एके काळीं वाचल्या गेल्या, त्या घरांस अद्भुताचें वावडें नाहीं. परंतु जुनें अद्भुत अरण्यांत, गुहेंत, फार तर राजवाड्यांत वसत असे. अलीकडे इंग्रजींत ज्या नागरी अद्भुतकथा निघतात, त्यांत चमत्कार शहरांत राहावयास येतो. तेथें मोटारी धांवतात, दूरध्वनि वाजतो, खाणावळींत तळलेल्या पदार्थांचा वास सुटतो, आणि शेजारच्या मेजावर बसलेल्या इसमाच्या अंगीं अमानुष बळ असतें. 'जेड सिटी' याच जातीची आहे. ती वाचून तरुण वाचक हाणामाऱ्यांचें कौतुक करतात आणि वडील माणसें तिला पोरखेळ समजून बाजूला ठेवतात. दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. या काल्पनिक बेटाखालीं पूर्व आशियाचा खराखुरा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्यास कादंबरी अगदीं निराळी वाचली जाते.

कथा थोडक्यांत अशी. केकॉन नांवाचें एक बेट, जानलून ही त्याची राजधानी. कौलून हें नांव ज्याच्या कानावरून गेलें आहे, त्यास हा यमक चटकन ओळखतां येईल. या बेटावर हिरव्या जेडची खाण आहे, आणि हें जेड साधें नव्हे. तें अंगावर धारण केलें म्हणजे शिकून तयार झालेल्या माणसास बळ येतें, कातडी पोलादासारखी होते, दुसऱ्याच्या मनांतील भय त्यास दुरूनच जाणवतें. ज्याची तयारी नाहीं, त्यास तोच दगड वेडा करून मारतो. सुमारें एका पिढीपूर्वीं परकीय शोतार साम्राज्याची सत्ता या जेडधारी वीरांनीं झुगारून दिली. त्यांत दोन पुढारी अग्रभागीं होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर मात्र त्यांची एक संघटना दुभंगली आणि दोन घराणीं उभीं राहिलीं. कथेच्या काळीं एका घराण्याचा कारभार म्हाताऱ्या पुढाऱ्याचा थोरला नातू पाहतो. दुसऱ्याचा कारभार त्या दुसऱ्या पुढाऱ्याची दत्तक कन्या पाहते. दुकानदार, हॉटेलवाले, कंत्राटदार हे सारे एका ना एका घराण्यास वर्गणी देतात आणि त्याच्या छत्राखालीं धंदा करतात. सरकार आहे, पण तें नांवाला. खरें राज्य या दोन घराण्यांचें, आणि त्यांच्यांत वैर पेटतें तेव्हां सारें शहर रणभूमि होतें.

जेड म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. आपल्याकडे सोनें आणि हिरे यांस जो मान, तो चीनमध्यें या दगडास पांच हजार वर्षांपासून आहे. हांगचौ शहराजवळ लिआंगचू येथें इसवी सनापूर्वीं ३३०० ते २३०० या काळांतील जी वस्ती उत्खननांत सांपडली, तेथील थोरांच्या कबरींत जेडच्या चकत्या आणि चौकोनी नळकांडीं मोठ्या संख्येनें मिळालीं. लोखंड तर दूरच, कांसेंही त्या लोकांस माहीत नव्हतें. पोलादी हत्यारानेंही सहसा ओरखडा न उमटणारा हा दगड त्यांनीं वाळूनें घांसघांसून घडविला. एकेका वस्तूमागें किती हात झिजले असतील याची कल्पनाच करावी. वस्तु कशास उपयोगी, हा प्रश्नच नव्हता. इतके हात ज्याच्यासाठीं झिजतात तो मोठा, हें ती वस्तु न बोलतां सांगत असे.

पुढें या दगडास सद्गुणांचें रूप मिळालें. कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील ग्रंथांत सज्जनाच्या गुणांची तुलना जेडच्या झिलईशीं, कठीणपणाशीं, त्याच्या नादाशीं केलेली आहे. एक फार जुनी गोष्ट मात्र या सर्वांहून बोलकी आहे, आणि कादंबरी हातीं घेण्यापूर्वीं ती प्रत्येकानें ऐकावी. चू राज्यांत प्येन हो नांवाच्या माणसास डोंगरांत एक ओबडधोबड दगड सांपडला. आंत उत्तम जेड आहे हें ओळखून त्यानें तो राजास नजर केला. राजाच्या पारख्यांनीं हा साधा धोंडा आहे असा निर्वाळा दिला, आणि लबाडीबद्दल प्येन होचा डावा पाय तोडला. तो राजा मेल्यावर त्यानें दगड नव्या राजापुढें नेला; तेव्हां उजवा पाय गेला. तिसरा राजा गादीवर आला, त्या वेळीं प्येन हो डोंगराच्या पायथ्याशीं दगड उराशीं धरून तीन दिवस तीन रात्री रडत बसला. राजानें विचारविलें, पाय तर पुष्कळांचे तुटतात, हाच एवढा कां रडतो? त्यानें कळविलें कीं आपण पायांसाठीं रडत नसून रत्नास धोंडा आणि प्रामाणिकास लबाड म्हटलें गेलें म्हणून रडत आहों. मग तो दगड फोडला, आणि आंत जें निघालें तें चीनच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध जेड ठरलें.

त्याची पुढील कथा राजकारणाची आहे. तें जेड चाओ राज्याकडे गेलें. इसवी सनापूर्वीं २८३ च्या सुमारास बलाढ्य चिन् राज्याच्या राजानें त्याच्या बदल्यांत पंधरा नगरें देऊं केलीं. नगरें मिळणार नाहींत हें सर्वांस कळत होतें, आणि नकार दिल्यास सैन्य चालून येईल हेंही कळत होतें. लिन् शिआंगरू नांवाचा वकील जेड घेऊन गेला. राजा नगरांचा विषयच काढीना, हें पाहून त्यानें रत्नांत एक डाग आहे, तो दाखवितों, असें सांगून तें परत हातांत घेतलें. आणि खांबाला पाठ लावून, जोर कराल तर हें रत्न आणि माझें डोकें दोन्ही याच खांबावर फोडीन, अशी धमकी दिली. राजास पांच दिवसांचें व्रत करावयास लावून तेवढ्या अवधींत त्यानें जेड गुपचूप स्वदेशीं रवाना केलें. दगडांत कांहीं शक्ति नव्हती. पंधरा नगरांचा भाव त्यास आला तो लोकांनीं त्यास मानलें म्हणून. श्रीमती ली यांनीं काय केलें, तर ही मानलेली शक्ति शब्दशः खरी धरली. एवढी एकच गोष्ट खोटी घेऊन बाकी सर्व खरें लिहावयाचें, ही त्यांची युक्ति आहे, आणि ती फार चांगली साधली आहे.

जेड शरीरास बळ देतें हा समज मात्र त्यांनीं नव्यानें काढलेला नाहीं. हान घराण्यांतील राजपुत्र ल्यू शेंग इ. स. पूर्वीं ११३ सालीं वारला. त्याची कबर १९६८ सालीं होपै प्रांतांत मानचेंग येथें उघडली, तेव्हां त्याच्या अंगावर जेडच्या २४९८ तुकड्यांचा, सोन्याच्या तारेनें शिवलेला पोशाख होता. जेडमुळें देह नासत नाहीं, ही त्यामागील श्रद्धा. पोशाख उत्तम राहिला. आंतील देहाची माती झाली होती.

दगड येत कोठून असे? प्राचीन काळापासून मुख्यतः खोतानच्या दोन नद्यांतून, म्हणजे आजच्या शिंच्यांग प्रांताच्या दक्षिणेकडून. चिएनलुंग बादशहानें १७५९ सालीं तो मुलूख जिंकला आणि जेडच्या गाड्यांची रीघ पेकिंगकडे लागली. त्यांतील पांच टनांहून अधिक वजनाच्या एका प्रचंड शिळेवर यांगचौच्या कारागिरांनीं पूर आंवरणाऱ्या यू राजाचें दृश्य कोरलें. १७८७ सालीं पूर्ण झालेलें तें काम पेकिंगच्या राजवाड्यांत ठेवलेलें आहे. याच बादशहास एक हिंदुस्थानी वेड होतें, हें आपल्या लोकांस सहसा ठाऊक नसतें. मोगल धाटणीचीं, कागदासारखीं पातळ, पानाफुलांनीं नटलेलीं जेडचीं भांडीं त्यास इतकीं आवडलीं कीं त्यानें त्यांच्यावर कविता रचून त्या भांड्यांवरच कोरविल्या, आणि हिंदुस्थान हें नांव चिनी लिपींत कसें लिहावें यावर निबंध लिहिला. फारशींत ज्यास यशम म्हणतात तो हाच दगड. शहाजहानचा १६५७ सालचा पांढऱ्या जेडचा प्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. असो.

आतां घराण्यांकडे वळूं, कारण कादंबरीचा गाभा तेथें आहे. हीं नुसतीं दरोडेखोरांच्या टोळ्या नव्हेत. त्यांत शपथ आहे, विद्यालय आहे, वडिलांचा शब्द आहे, गरिबाच्या मुलाच्या शिक्षणाची सोय आहे आणि बेइमानास देहान्त शासन आहे. याचें मूळ चीनच्या गुप्त मंडळांत सांपडतें. इ. स. १७६१-६२ च्या सुमारास फूचिएन प्रांतांत थीशी नांवाच्या एका भिक्षूनें थ्येनतीहुई, म्हणजे आकाश-पृथ्वी मंडळ, स्थापिलें. मंडळाची स्वतःची कथा फार वीररसात्मक आहे. शाओलिन मठ जाळला गेला, त्यांतून वांचलेल्या पांच भिक्षूंनीं मांचूंस घालवून मिंग घराणें पुन्हां गादीवर बसविण्याची शपथ घेतली, वगैरे. मांचू सरकारचीं जुनीं दप्तरें अभ्यासकांनीं तपासलीं, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. फूचिएनमध्यें माणसें फार, जमीन थोडी. पोटासाठीं गांव सोडून तैवानला आणि इतरत्र जाणाऱ्या माणसास परक्या ठिकाणीं ना भाऊ, ना भाऊबंद. आजारांत पाणी कोण देणार, मेल्यास खांदा कोण देणार, बाजारांत कोणी लुबाडलें तर पाठीशीं कोण उभा राहणार? शपथ घेऊन भाऊ निर्माण करावयाचे, हें त्यावरील उत्तर होतें. मिंग घराण्याची भाषा त्यावर मागाहून चढली.

पण जी मूठ आपल्या माणसाच्या रक्षणास उठते, तिला दुसऱ्याकडून वर्गणी उकळावयास शिकविणें फारसें कठीण नसतें. मंडळ तैवानांत पोहोंचल्यावर कांहीं वर्षांतच, १७८६ सालीं, त्यांतील लिन् श्वांगवेन यानें बंड उभारलें. तें मोडावयास बादशाही फौजेस १७८८ साल उजाडावें लागलें. त्यानंतर या मंडळांच्या नाना शाखा झाल्या. कांहींनीं देशभक्ति केली, कांहींनीं जुगाराचे अड्डे चालविले, आणि पुष्कळांनीं दोन्ही एकदमच केलें. सुन् यत्-सेन हे १९०४ सालीं होनोलुलु येथें अशाच एका मंडळाचे शपथबद्ध सभासद झाले, कारण परदेशांतील चिनी लोकांचा पैसा आणि विश्वास त्यांच्या हातीं होता. १९१२ सालीं प्रजासत्ताक आलें. ज्या परकीय घराण्याविरुद्ध शपथ होती तें गेलें. शपथ घेतलेले भाऊ मात्र कोठें जाणार?

ते शांघायमध्यें सांपडतात. तेथील फ्रेंच हद्दींतील पोलिसखात्याचा चिनी गुप्तहेरप्रमुख हुआंग चिनरोंग आणि शहरांतील हरित टोळीचा एक म्होरक्या, ही एकच व्यक्ति होती. याहून अधिक विचित्र गोष्ट कोणा कादंबरीकारानें लिहिली असती तर वाचकांनीं अतिशयोक्ति म्हणून नाक मुरडलें असतें. त्याच्याच छायेंत डू युएशेंग मोठा झाला. त्याचें उत्पन्न अफूचें, पण रुग्णालयांस, शाळांस, पूरग्रस्तांस देणग्या देणारा सभ्य गृहस्थ म्हणून त्याची ख्याति. १९२७ च्या एप्रिलच्या १२ तारखेस पहाटे च्यांग कै-शेक यांच्या बाजूनें या टोळीच्या सशस्त्र माणसांनीं शांघायच्या कामगारसंघांच्या कचेऱ्यांवर हल्ला केला. शेंकडों माणसें मारलीं गेलीं. डू युएशेंग १९५१ सालीं हाँगकाँगमध्यें निवर्तला. कादंबरींतील घराण्याचा पुढारी उंची पोशाख करून हॉटेलवाल्याची विचारपूस करतो, त्याच्या मुलीच्या लग्नास आहेर पाठवितो, तें वाचतांना याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. फरक एवढाच कीं कादंबरींतील कौल घराण्याचीं माणसें मनानें फार स्वच्छ आहेत. शब्द मोडीत नाहींत, शस्त्र न धरणाऱ्यास मारीत नाहींत. शांघायच्या कामगारांस असल्या नियमांचा अनुभव आला नाहीं. येथें लेखिकेचा हात थोडा हळुवार पडला आहे, हें स्पष्टच म्हटलें पाहिजे. 'गॉडफादर' आणि हाँगकाँगचे मारामारीचे चित्रपट यांचें ऋण त्यांनीं स्वतः मान्य केलें आहे. हा हळुवारपणा बहुधा तेथूनच आला.

शोतार साम्राज्य म्हणजे जपान, हें ओळखावयास फार विद्वत्ता नको. शिमोनोसेकीच्या १८९५ च्या तहानें तैवान जपानकडे गेलें. कोरिया १९१० सालीं गिळंकृत झाला. दोन्हीकडे सत्ता १९४५ पर्यंत टिकली. आगगाड्या आल्या, शाळा आल्या, रोगराई हटली, आणि त्यांबरोबर भाषा गेली, पुढें पुढें तर स्वतःचें नांव सोडून जपानी नांव घेण्याची पाळी आली. तैवानच्या डोंगरांतील आदिवासींची स्थिति सर्वांत वाईट. १९३० च्या ऑक्टोबरांत वूशे येथें सीडिक जमातीचा प्रमुख मोना रुदाओ याच्या नेतृत्वाखालीं उठाव झाला. १३४ जपानी ठार झाले, आणि त्याचा सूड विमानें व तोफा वापरून घेतला गेला. कादंबरींतही बेटावरील मूळचे आबुकै लोक आहेत. जेडचा त्यांच्यावर कांहींच परिणाम होत नाहीं, आणि म्हणूनच जेडसाठीं लढणाऱ्या समाजांत त्यांस जागा नाहीं. हीं पानें थोडीं आहेत. तीं अधिक असतीं तर बरें झालें असतें.

एका महत्त्वाच्या बाबतींत मात्र कादंबरीनें इतिहासास वळसा घातला आहे. केकॉनच्या लोकांनीं परकीय सत्ता स्वतःच्या हातांनीं उलथून टाकली. तैवानच्या वांट्यास तें आलें नाहीं. १९४५ च्या २५ ऑक्टोबरास एका सरकारानें तें बेट दुसऱ्या सरकारच्या हवालीं केलें, आणि तेथील रहिवाशांस कोणी विचारलें नाहीं. त्यानंतर सोळा महिन्यांत काय झालें तें पाहावें. १९४७ च्या फेब्रुवारीच्या २७ तारखेस तैपेंत चोरटे सिगारेट विकणाऱ्या एका स्त्रीस सरकारी मक्तेदारीच्या माणसांनीं मारहाण केली. जमलेल्या लोकांवर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशीं सारें बेट उठलें. मार्चमध्यें मुख्य भूमीवरून फौज आली. त्या दडपशाहींत मेलेल्यांची संख्या १९९२ च्या सरकारी अहवालानें १८ ते २८ हजारांच्या दरम्यान धरली आहे. मे १९४९ पासून जुलै १९८७ पर्यंत तेथें लष्करी कायदा होता, आणि त्या सर्व काळांत 'दोन-दोन-आठ' हे आंकडे मोठ्यानें उच्चारण्याची सोय नव्हती. बाप कोठें गेला, हें मुलांस सांगतां न येणाऱ्या आयांच्या पदरीं चाळीस वर्षें गेलीं. राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई यांनीं १९९५ सालीं जाहीर क्षमा मागितली.

हें मनांत ठेवून 'जेड सिटी' वाचली, म्हणजे तिच्यांतील स्वातंत्र्ययुद्ध ही निव्वळ शौर्यकथा राहत नाहीं. जें घडावयास हवें होतें आणि घडलें नाहीं, त्याची ती कल्पना आहे. पण लेखिका तेथें थांबल्या नाहींत, यांत त्यांचें मोठेपण. जिंकलेले वीर आपलें शस्त्र खालीं ठेवीत नाहींत. मग पुढच्या पिढींत तेंच शस्त्र भावाभावांवर चालतें. म्हातारे आजोबा, एके काळचे देशाचे दीपस्तंभ, खुर्चींत बसून नातवावर चिडचिड करतात. आणि कथेस कलाटणी देणारा प्रसंग तलवारीचा नाहीं. परदेशांत व्यापारशास्त्र शिकून आलेली नात शे, जिनें अंगावरील जेड उतरवून ठेवलें आहे, ती खाणीच्या मंडळाच्या हिशेबाच्या वह्या तपासते, आणि देशाच्या मालकीचें जेड वह्यांत न येतांच बाहेर जात असल्याचें तिला दिसतें. दोन घराण्यांचें युद्ध या आंकड्यांतून पेटतें. ज्या वाचकांस हाणामारीचा कंटाळा आहे, त्यांनीं निदान एवढा भाग तरी चुकवूं नये.

कादंबरींत आणखी एक वस्तु आहे जिचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. ज्यांचा देह जेड सोसत नाहीं, अशा परदेशी सैनिकांसाठीं एक औषध निघतें. तें टोंचून घेतलें कीं दगड सोसतो, पण व्यसन लागतें आणि आयुष्य घटतें. हळूहळू तें काळ्या बाजारांतून बेटावर पसरतें. चीनच्या इतिहासांत या औषधाचें नांव अफू. १८३९ सालीं लिन् त्सेशू या अधिकाऱ्यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू हूमेन येथें नष्ट केली, त्यावरून युद्ध झालें, आणि १८४२ च्या तहांत हाँगकाँग बेट इंग्रजांस मिळालें. त्या अफूचा मोठा भाग माळव्यांत पिकत असे आणि मुंबई बंदरांतून जहाजांवर चढत असे. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं तरुणपणीं चीनच्या सफरी केल्या आणि कापूस व अफू यांच्या व्यापारांत अपार संपत्ति मिळविली. ससून घराण्याचाही चीनशीं हाच व्यापार. भायखळ्याचें रुग्णालय आणि पुण्याचें ससून रुग्णालय यांनीं लाखों रोग्यांस बरें केलें आहे, याबद्दल कृतज्ञताच हवी. तरी कँटनच्या गल्लींत तीच संपत्ति ज्या घरांतून निघाली, त्या घरांचा हिशेब आपल्या शालेय इतिहासांत येत नाहीं. चिनी शाळांत मात्र तो पहिल्यापासून शिकवितात.

आतां पुन्हां दगडाकडे. चिएनलुंगच्या काळापासून खोतानच्या जेडहून वेगळें, पाचूसारखें हिरवें जेड ब्रह्मदेशांतून युनानमार्गे चीनमध्यें येऊं लागलें. दोन्ही दगड निराळे आहेत, हें डामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८६३ सालीं सिद्ध केलें. कादंबरींतील हिरवें जेड याच दुसऱ्या प्रकाराचें रूप आहे, आणि खऱ्या जगांत त्याची मुख्य खाण उत्तर ब्रह्मदेशांत काचीन प्रांतीं फाकान्त येथें आहे. १८८५ च्या तिसऱ्या युद्धानंतर हा प्रदेश इंग्रजांकडे आला. त्यांच्यानंतर तेथील राजवटींकडे, सेनाधिकाऱ्यांकडे आणि काचीन बंडखोरांकडे. १९९४ सालीं झालेला युद्धविराम २०११ च्या जूनमध्यें मोडला. ग्लोबल विटनेस या संस्थेनें २०१५ सालीं असा अंदाज दिला कीं एकट्या २०१४ सालांत ब्रह्मदेशांतून निघालेल्या जेडची किंमत ३१ अब्ज डॉलरांपर्यंत असावी, आणि त्यांतील फारच थोडें देशाच्या तिजोरींत पडलें. शेनें वह्यांत जें पाहिलें, तें हेंच.

खाणीचीं यंत्रें डोंगर फोडतात आणि टाकाऊ मातीचे उंच ढिगारे रचतात. त्या ढिगाऱ्यांवर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारों गरीब लोक, राहिलेला एखादा हिरवा तुकडा सांपडेल या आशेनें दगड वेंचीत असतात. २०१५ च्या नोव्हेंबरांत ढिगारा कोसळून शंभरांहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. २०२० च्या जुलैच्या २ तारखेस, मुसळधार पावसानंतर, ढिगाऱ्याचा कडा खालच्या तळ्यांत कोसळला. पाण्याची आणि चिखलाची लाट उठली व १७० हून अधिक माणसें मेलीं. या खाणकामगारांत हेरॉइनचें व्यसन फार आहे. लांब दिवस, उंच कडा, पावसांतील राहुटी, आणि दगड हातीं लागेपर्यंत तग धरण्यासाठीं सुई. जेड सोसण्यासाठीं टोंचून घ्यावें लागणारें औषध लेखिकेनें कल्पिलें. फाकान्तमध्यें त्यासाठीं कल्पनेची गरज पडत नाहीं.

कादंबरीच्या पहिल्या पानांत एका जुन्या खाणावळींत दोन पोरें, एका मद्यधुंद जेडधाऱ्याच्या अंगावरचा दगड चोरण्यासाठीं, दबा धरून असतात. त्यांतील बेरो नांवाचा पोरगा उर्मट, लोभी आणि मूर्ख आहे. वाचकास तो आवडूं नये अशीच त्याची रचना आहे, आणि बहुतेकांस तो आवडतही नाहीं. सर्वांचें लक्ष कौल घराण्याच्या तीन नातवंडांकडे लागतें. पण या शहरांत जेडवांचून जन्मलेल्या, कोणत्याही घराण्याच्या नसलेल्या माणसाकडे लेखिका पुन्हां पुन्हां वळतात, तें याच पोराच्या रूपानें, आणि तिसऱ्या खंडापर्यंत त्यास सोडीत नाहींत. तिन्ही खंड क्रमानेंच वाचावेत. पहिला पुरा होण्यापूर्वीं दुसरा उघडल्यास एका मृत्यूची वार्ता अवेळीं कळेल, आणि पहिल्या खंडांतील सर्वांत चांगलें प्रकरण हातचें जाईल.